सात रात्री, एकच खोली

प्रश्न : माझे वय 57 आणि यजमानांचे 61. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि मी लातूरच्या एका शाळेत शिकवत होते. येत्या 26 सप्टेंबरपासून आम्ही दोघेच सात रात्रींसाठी इटलीतील नेपल्सला जाणार आहोत. मुलगी आणि जावई यांनी जाण्या-येण्याची विमानतिकिटे काढून दिली आहेत. आजवरचे सगळे प्रवास आम्ही सहल कंपनीबरोबर केले. स्वतंत्रपणे पहिल्यांदाच जात आहोत. यजमानांनी एका मोठ्या कागदावर वेळापत्रक आखले आहे : दोन दिवस रोम, एक दिवस फ्लॉरेन्स आणि पिसा, एक दिवस आमाल्फीचा किनारा, एक दिवस काप्री बेट, एक दिवस सकाळी पॉम्पेई आणि दुपारी व्हेसुव्हियस ज्वालामुखी. उरलेल्या अर्ध्या दिवसात नेपल्स. 30 तारखेला तर पहाटे साडेपाचला फ्लॉरेन्ससाठी निघायचे आहे. मला मात्र समुद्राकाठी आठवडाभर एका जागी राहायचे आहे. माझे गुडघे दुखतात, मी अंडेही खात नाही, आणि खरी भीती वेगळीच आहे. 1993 च्या भूकंपाच्या रात्री आम्ही औशाला होतो, लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. नेपल्सजवळ सारखे धक्के बसतात असे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. यांतले काहीच मी यजमानांना बोललेले नाही, कारण ते फार हौसेने आखणी करत आहेत. एकाच शहरात सात दिवस म्हणजे पैशांची नासाडी होईल का? आणि मुळात जावे का?
— एक वाचक, लातूर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देऊन टाकते. नासाडी होणार नाही, आणि जरूर जावे. भीतीबद्दल सविस्तर लिहिणार आहे, पण ते शेवटी; कारण मधला सगळा भाग नीट ठरला तर त्या भीतीला कुठे जागा द्यायची हेही ठरवता येईल.

यजमानांच्या कागदाचा हिशेब त्यांच्याच पद्धतीने, म्हणजे आकड्यांत मांडून पाहा. नेपल्सहून रोम वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आत गाठता येते, त्यामुळे तो भाग निदान शक्य कोटीतला आहे. फ्लॉरेन्सला मात्र जवळजवळ तीन तास लागतात, तिथून पिसाला आणखी एक तास, आणि पिसाहून परत नेपल्सला चार तासांच्या आसपास. म्हणजे त्या एका दिवशी साधारण आठ तास तुम्ही गाडीच्या आसनावर बसणार आणि झुकलेल्या मनोऱ्यासमोर छायाचित्र काढण्याइतका वेळ हाती उरणार. आमाल्फीच्या रस्त्याचे सौंदर्य निर्विवाद आहे, परंतु सोरेन्तोपर्यंतची तासाभराहून अधिक वेळ घेणारी गाडी, पुढे कड्याला चिकटून वळणे घेणारी गर्दीची बस आणि संध्याकाळी तोच प्रवास उलटा, एवढे दुखऱ्या गुडघ्यांनी एका दिवसात करायचे असेल तर संध्याकाळी आठवतील ती वळणेच. ज्यांनी आयुष्यभर कालव्याच्या पाण्याचा क्युसेकमध्ये हिशेब ठेवला, त्यांना हा वहननाश, म्हणजे वाटेतच होणारी गळती, कळणार नाही असे मला वाटत नाही.

तरीही त्यांनी असा कागद का आखला असावा, हे समजून घ्यायला हवे. सहल कंपनीबरोबर वर्षानुवर्षे फिरलेल्या माणसाच्या मनात प्रवास म्हणजे ठिकाणांची यादी असते, आणि या वेळी बरोबर टूर मॅनेजर नसल्याने ती जबाबदारी त्यांनी न सांगता स्वतःच्या खांद्यावर घेतलेली दिसते. मुलीने दिलेल्या तिकिटांचे चीज झाले पाहिजे, हा विचारही त्यात असणार. त्यांच्या कागदाला विरोध करण्यापेक्षा त्या कागदातील गावांची संख्या कमी करून त्यांच्या आखणीच्या कौशल्याला दुसरे काम द्यावे, असे मी सुचवते. काम पुष्कळ आहे, ते पुढे येईलच.

नेपल्स हे अर्ध्या दिवसाचे गाव नाही. ग्रीकांनी वसवलेल्या या नगराचे मूळ नाव नेआपोलिस, म्हणजे ‘नवे शहर’, आणि हे ‘नवे’ शहर बुद्धाच्या काळाच्या आसपासचे आहे. जुन्या भागातील गल्ल्या आजही त्या ग्रीक आखणीवरच चालतात. त्यांतली स्पाक्कानापोली नावाची सरळसोट गल्ली टेकडीवरून पाहिली तर शहराची मधोमध फाळणी केल्यासारखी दिसते. हा ऐतिहासिक भाग 1995 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्या गल्ल्या काळ्या ज्वालामुखी दगडाने फरसलेल्या आहेत, त्यामुळे चपला घरी ठेवून जाड तळव्याचे बूट न्यावेत. मुक्काम मात्र त्या जुन्या भागात करू नये. तिथे रात्री उशिरापर्यंत आवाज असतो आणि पुष्कळ इमारतींना लिफ्ट नाही. कियाया हा समुद्रालगतचा सपाट भाग, किंवा टेकडीवरचा व्होमेरो, यांपैकी एक निवडावा. व्होमेरोवर जाण्यासाठी फ्युनिक्युलर म्हणजे दोराने ओढली जाणारी गाडी आहे. तिथल्या लोकांच्या ती रोजच्या वापरातली असते आणि गुडघ्यांची चढण वाचते. छोटे स्वयंपाकघर असलेली सदनिका मिळाली तर सोन्याहून पिवळे. सातही रात्री एकाच खोलीत काढाव्यात, एकच किल्ली, आणि रोज संध्याकाळी परत येण्याचे तेच दार. या एका गोष्टीवर मात्र तुम्ही ठाम राहा, बाकी सर्व बाबतींत तडजोड करता येईल.

आता तुम्हा दोघांनी मिळून पाहावे असे जे आहे, त्याविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण लातूरकरांचा त्यावर इतरांपेक्षा थोडा अधिक हक्क आहे. नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात वीतभराहून थोडी उंच, साधारण 24 सेंटिमीटरची, हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या एका घरात ती 1938 मध्ये सापडली. गळ्यात हार, हातभर बांगड्या, पायांत जाड वाळे आणि दोन्ही बाजूंना शृंगारसाहित्य धरलेल्या दोन लहान दासी, असे तिचे रूप आहे. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव तिला सुरुवातीला पडले आणि रूढ झाले. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी आणि आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान आसनाचा पाया म्हणून घडवलेली असावी, असे पुढे अभ्यासकांनी म्हटले. ती नेमकी कुठे कोरली गेली याविषयी मतभेद आहेत. तथापि तिच्याशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती दोन ठिकाणी सापडल्या आहेत आणि ती दोन्ही मराठवाड्यात आहेत : जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि तुमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेरची मूर्ती गावातल्या लामतुरे संग्रहालयात आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या वृत्तान्तात, म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. ते तगर म्हणजेच आजचे तेर.

म्हणून माझी सूचना अशी की जाण्याआधी एका रविवारी तुम्ही दोघांनी तेरला जाऊन यावे. गोरोबाकाकांचे दर्शन घ्यावे, संग्रहालयातील ती मूर्ती डोळे भरून पाहावी, आणि दोन-तीन महिन्यांनी नेपल्समध्ये तिच्या बहिणीसमोर उभे राहावे. फ्लॉरेन्सच्या आठ तासांपेक्षा हा प्रवास लांबचा आहे आणि त्याला गाडी बदलावी लागत नाही. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. नेपल्सचे संग्रहालय मंगळवारी बंद असते. आणि ती मूर्ती तिथल्या ‘गुप्त दालन’ नावाच्या विभागात ठेवतात, जिथे पॉम्पेईतील कामुक वस्तू व चित्रे एकत्र केलेली आहेत. तेव्हा संकोच न बाळगता तिकीट काढतानाच दालन उघडे आहे का ते विचारून घ्यावे. याच इमारतीत अलेक्झांडर आणि दारियस यांच्या लढाईचे, लाखो बारीक रंगीत खड्यांतून जुळवलेले भव्य चित्र आहे. तिथे बसायला जागा मिळाली तर उठायची घाई करू नका.

पॉम्पेईला जायचेच. मात्र त्याच दुपारी व्हेसुव्हियस चढण्याचा बेत रद्द करावा. बस वरपर्यंत नेते हे खरे, पण शेवटची वाट चढणीची आणि सैल वाळूखड्यांची आहे, आणि पॉम्पेईचे उंचसखल दगडी रस्ते तुडवल्यानंतर ती तुम्हाला झेपणार नाही. पॉम्पेई प्रचंड आहे, सुमारे 66 हेक्टर, आणि त्याचा जवळपास एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे. ‘सगळे’ पाहण्याचा हट्ट धरणारे तिथे दुपारी सावली शोधत बसलेले दिसतात. सकाळी दार उघडताच आत शिरावे, व्हिया देल्लाब्बोन्दान्त्सा हा मुख्य रस्ता धरावा, ज्या घरात आपली मूर्ती सापडली ते ‘भारतीय मूर्तीचे घर’ याच रस्त्याला लागून होते हे मनात ठेवून चालावे, आणि अकरा-साडेअकराला बाहेर पडावे. नोव्हेंबर 2024 पासून तिथे दिवसाला 20,000 प्रेक्षकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असते; ते आधीच काढण्याचे काम यजमानांकडे द्या.

गुडघ्यांचा विचार करता हर्क्युलेनियम हे दुसरे गाडलेले नगर तुम्हाला अधिक मानवेल, आणि खरे सांगायचे तर मला स्वतःला ते पॉम्पेईपेक्षा जवळचे वाटते. ते लहान आहे, दीड-दोन तासांत सावकाश पाहून होते. तिथे राख झिरपत न पडता तप्त वायू आणि चिखलमातीचा लोंढा आला, त्यामुळे लाकूड जळून नाहीसे न होता कोळसा होऊन टिकले : दरवाजे, पलंग, घडीचा लाकडी आडपडदा, एवढेच काय तर बाळाचा पाळणाही. जुन्या किनाऱ्यावरच्या नावा ठेवण्याच्या कमानींखाली सुमारे 300 माणसांचे सांगाडे मिळाले. समुद्रमार्गे सुटका होईल या आशेने ती तिथे जमली होती. हा भाग तुम्ही पाहावा की नाही हे तुम्हीच ठरवा. किल्लारी परिसरातली गावे ज्यांनी पाहिली, त्यांना त्या कमानींसमोर उभे राहणे सोपे जाणार नाही, आणि तिथे न जाता वरच्या घरांमधून फिरून परतले तरी काही बिघडत नाही. स्थानकापासून उत्खननापर्यंत रस्ता उताराचा आहे, म्हणजे परतताना चढ लागेल. येताना टॅक्सी करावी.

आता यजमानांची गोष्ट. नेपल्सच्या पश्चिमेला बाकोली येथे पिस्चिना मिराबिलिस नावाचे रोमन काळातील भूमिगत जलाशय आहे. जवळपास 70 मीटर लांब, 25 मीटर रुंद, 48 खांबांवर पेललेल्या उंच कमानी. मिसेनम बंदरातील रोमन आरमाराला पाणी पुरवणाऱ्या लांब कालव्याचे पाणी इथे साठवले जाई. पॉम्पेईच्या उद्रेकात मदतीला जहाजे घेऊन गेलेला आणि तिकडेच मरण पावलेला थोरला प्लिनी याच आरमाराचा प्रमुख होता. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला रोममधील कारंज्यांपेक्षा हे कितीतरी अधिक भावेल, असे मी पैजेवर सांगते. तिथला प्रवेश आधी ठरवून घ्यावा लागतो, तेही काम त्यांचेच. मात्र तिथे तुम्ही जाऊ नका. त्या सकाळी ते एकटे जातील आणि तुम्ही समुद्रकाठच्या बाकावर बसाल.

तीस वर्षांहून अधिक संसार झालेल्या जोडप्याला ‘एक सकाळ वेगळे राहा’ असे सांगितले की कुठेतरी काही बिनसले आहे असा अर्थ काढला जातो. तसा अर्थ काढू नये. सहल कंपनीच्या बसमध्ये तुम्ही शेजारी बसत होता, पण बोलत होता मार्गदर्शक. इथे तो नसणार, आणि चोवीस तास एकमेकांच्याच तोंडाकडे पाहून आठवडा काढण्याची सवय निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षांत कुणालाच नसते. आठवड्यातल्या दोन सकाळी त्यांच्या, दोन तुमच्या आणि उरलेला सगळा वेळ दोघांचा, अशी वाटणी मला रास्त वाटते. संध्याकाळी परत आल्यावर एकाकडे दुसऱ्याला सांगण्यासारखे काही असते. त्यांना रोम पाहायचेच असेल तर एक दिवस जाऊन यावे, दोघांनी किंवा एकट्याने. सव्वा तासाची गाडी आहे. दोन दिवस नकोत.

खाण्याची काळजी तुम्ही समजता तेवढी मोठी नाही, पण तुम्हाला ठाऊक नसलेल्या दोन-तीन जागी खड्डे आहेत. पिझ्झा हा तिथला जन्मजात पदार्थ. तो बनवण्याच्या कलेला 2017 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातला ‘मारिनारा’ हा प्रकार टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढ्यावरच होतो, त्यात चीज नसते. चीजचा मुद्दा घरीच ठरवून निघावे, कारण पार्मेसान चीज वासराच्या जठरातील विकराने विरजले जाते आणि मोझ्झारेल्लाही पुष्कळदा तशाच रीतीने होते. चालत असेल तर प्रश्न नाही, चालत नसेल तर ताटात आल्यावर वाद नको. पास्ता आणि बटाटा, पास्ता आणि घेवडा, वांग्याचे थर, व्हिनेगर व पुदिन्यात मुरवलेली झुकिनी, फ्रियारिएल्ली नावाची किंचित कडू पालेभाजी, हे सर्व घरगुती पदार्थ साध्या खानावळीतही मिळतात. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे शब्द पाठ करावेत आणि अंड्यासाठी ‘सेन्त्सा उओव्हा’. खरा खड्डा म्हणजे डुकराची चरबी. समुद्रकाठी मिळणारे, मिरी आणि बदाम घातलेले ताराल्ली हे खुसखुशीत कडे आपल्या खाऱ्या शंकरपाळ्याच्या कुळातले वाटतात, आणि मी स्वतः पहिल्या भेटीत त्यांचा अर्धा पुडा संपवल्यावर पाकिटावरचा ‘सुन्या’ हा शब्द वाचला. सुन्या किंवा स्त्रुत्तो म्हणजे तीच चरबी. अनेक पदरांच्या स्फोल्यातेल्ला नावाच्या गोड पदार्थातही ती परंपरेने असते. हे दोन शब्द पाकिटावर दिसले की पाकीट परत ठेवावे.

तुमची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी जरूर न्यावी. तुपातले लाडू, पेढे, खव्याचे काही नेऊ नये, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस वैयक्तिक सामानातूनही नेता येत नाही.

समुद्राविषयी एक सांगायला हवे, कारण तुम्ही त्यासाठीच चालला आहात. शहरालगत कोकणासारखी लांबरुंद पुळण नाही. तिथे काळ्या दगडांचा बांध आहे, लोक त्या दगडांवर पंचे टाकून पडतात आणि तिथूनच पाण्यात उतरतात. भरती-ओहोटी आपल्या डोळ्यांना जवळजवळ जाणवतच नाही, सकाळी पाणी जिथे असते तिथेच संध्याकाळी. लुंगोमारे हा किनाऱ्याचा रस्ता सपाट आहे, ‘अंड्याचा किल्ला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या किल्ल्यापाशी समोर व्हेसुव्हियस दिसतो, आणि सप्टेंबरच्या अखेरीस हवा उबदार असते. तुम्हाला जे ‘नुसते राहणे’ हवे आहे, ते या रस्त्यावर आहे.

बेटांपैकी काप्रीऐवजी प्रोचिदा निवडावे. मोलो बेव्हेरेल्लोच्या धक्क्यावरून वेगवान बोटीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. कोर्रिचेल्ला ही तिथली कोळ्यांची वस्ती, एकावर एक रचलेली फिक्या रंगांची घरे आणि खाली जाळी. त्या काठावर मोटारी येत नाहीत. 2022 मध्ये हे चिमुकले बेट इटलीची सांस्कृतिक राजधानी होते. तिथे उतरायला पायऱ्या आहेत, तेवढ्या मात्र सावकाश घ्याव्या लागतील. काप्रीवर तुम्ही रांगांमध्ये उभ्या राहाल.

कागदपत्रांचे थोडक्यात : शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांत चालत नाही, शुल्क प्रौढांना 90 युरो, आणि निदान 30,000 युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला दोघांनाही जावे लागेल. पाकीटमारीबद्दल नेपल्सचा लौकिक तुम्ही ऐकला असेलच. पॉम्पेईकडे जाणाऱ्या गर्दीच्या लोकल गाडीत पिशवी पोटाशी धरावी, मंगळसूत्र लातूरला ठेवावे, आणि याहून अधिक घाबरू नये.

आता भीती. तुम्ही वाचले ते खरे आहे. शहराच्या पश्चिमेला कांपी फ्लेग्रेई, म्हणजे ‘धगधगती शेते’, नावाचे विस्तीर्ण ज्वालामुखी क्षेत्र आहे आणि तिथली जमीन शतकानुशतके वर उचलली जाते, खाली बसते. पोत्सुओली गावातील रोमन बाजाराचे तीन खांब उभे आहेत, त्यांवर बऱ्याच उंचीवर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोके आहेत. म्हणजे ते खांब कधीकाळी तेवढे पाण्यात बुडाले होते आणि पुन्हा वर आले. 1982 ते 1984 या काळात तिथली जमीन सुमारे 1.8 मीटर उचलली गेली आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. अलीकडे पुन्हा उचल सुरू आहे. मे 2024 मध्ये 4.4 तीव्रतेचा धक्का बसला. किल्लारीचा भूकंप 6 हून अधिक तीव्रतेचा होता, त्या मानाने हा फार लहान. पण हे धक्के जमिनीत उथळ असल्याने जवळपास चांगलेच जाणवतात. यजमानांचे जलाशय याच भागात आहे, म्हणून तुम्ही तिथे जाऊ नका असे म्हटले. त्या हलत्या जमिनीवर ते दोन हजार वर्षे उभे आहे, हे यजमान तुम्हाला सांगतील आणि त्याने तुमचे समाधान होणार नाही, हेही मला कळते.

‘काही होणार नाही’ असे मी लिहिणार नाही. तसे कुणीच लिहू नये. लिहिते ते एवढेच की मुक्काम पोत्सुओली, बान्योली या बाजूंना करू नका, आधी सांगितल्याप्रमाणे कियाया किंवा व्होमेरोतच करा, खालच्या मजल्यावरची खोली मागा, आणि रात्री उशाशी बूट, विजेरी व औषधे ठेवा. लातूरला तुम्ही हे गेली अनेक वर्षे करत असालच. एखादा हलका धक्का जाणवलाच, तर शेजारची नेपल्सकर बाई जिन्यात येऊन तुमच्याशी बोलू लागेल. तिलाही असेच जगावे लागते, आणि 1980 च्या नोव्हेंबरमधील इर्पिनियाच्या भूकंपाची आठवण तिच्या वयाच्या सगळ्यांना आहे.

राहता राहिला यजमानांशी बोलण्याचा प्रश्न. गुडघे, पिझ्झा, फ्लॉरेन्स यांपासून सुरुवात करू नका. त्या प्रत्येकावर त्यांच्याकडे तोडगा असेल. भूकंपापासून सुरुवात करा. त्या रात्री औशाच्या खोलीत तुमच्याबरोबर तेच होते, आणि कागदावर 30 सप्टेंबरच्या पुढे ‘फ्लॉरेन्स’ लिहिताना तीच भूकंपाची तारीख आहे हे त्यांच्या लक्षात आले नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. कदाचित त्या दिवशी तुम्ही पहाटेपासून कुठल्यातरी गाडीत असाव्यात, हाच त्यांचा विचार असेल. विचारून पाहा.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कागदात येणार नाही. त्या दिवसांत नेपल्सचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे झाली होती. नेपल्समध्ये ती वेळ रात्री 12 वाजून 26 मिनिटांनी येईल. त्या सुमारास लुंगोमारेवर दिवे चालू असतात, उशिरा जेवून उठलेली कुटुंबे लहान मुलांसकट फिरत असतात. 29 तारखेच्या दुपारी थोडे झोपून घ्या, आणि त्या रात्री दोघेही तिथे जाऊन बसा.